गॅलरी फुकट चाललीय

ब्रोकर चपला न काढता घरभर फिरला. हॉल, आतल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. प्रत्येक दारात क्षणभर थांबायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि पुढे सरकायचा. शेवटी गॅलरीशी आला, चौकटीला दोन्ही हात टेकवून उभा राहिला आणि डोळ्यांनीच लांबी-रुंदी मोजून म्हणाला, "मॅडम, ही गॅलरी फुकट चाललीय. स्लायडिंग मारा, मधे एक पार्टिशन टाका, एक बेड आरामात बसतो. डी. वाय. पाटील, टेर्ना कॉलेजची मुलं-मुली आहेत, माणशी साडेआठ कुठे गेले नाहीत." मी नुसतं "बघू" म्हटलं. त्याला सेक्टर 15 मध्ये दुसरा फ्लॅट दाखवायचा होता, तो घाईने निघून गेला. गॅलरीत आईच्या दोऱ्या तशाच होत्या. मूळच्या निळ्या, उन्हाने पांढुरक्या पडलेल्या, आणि एका दोरीवर हात लावताच तुटतील असे चार-दोन प्लास्टिकचे चिमटे.

नेरूळहून ठाण्याच्या गाडीत बसले तरी त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. तुर्भ्यापासून ऐरोलीपर्यंत मी मनातल्या मनात गुणाकार करत होते. साडेआठ हजार गुणिले अकरा. बारा नाही, अकराच, कारण करार अकरा महिन्यांचा आणि मे महिन्यात मुलं घरी पळतात. झाले 93,500. चार फूट रुंद आणि दहा फूट लांब जागेचे, जिथे आजवर फक्त कपडे वाळले, पापड वाळले आणि बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसले. ब्रोकरचा रागही आला होता आणि त्याने सांगितलेल्या आकड्याचा मोहही पडला होता, आणि ठाणे येईपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी बसून होते.

घर आई-बाबांचं. आई गेल्यावर ते माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आलं. भाऊ पुण्यात, मी ठाण्यात. विकायचं दोघांच्याही जिवावर आलं आणि रिकामं ठेवायचं परवडेना. करोनाच्या काळात ते जवळजवळ बंदच होतं. पुन्हा दार उघडलं तेव्हा आधी वास आला, मग दिसलं. ओल्या चुन्याचा, बंद कपाटाचा, गटाराच्या जाळीतून वर आलेला असा तो मिश्र वास होता. आतल्या खोलीत छताचा एक मोठा पापुद्रा सुटून पलंगावर पडलेला होता आणि वर सळ्या दिसत होत्या, लाल, फुगलेल्या, जागोजाग पापुद्रे धरलेल्या. मिस्त्री आला आणि हातोडीने छत ठोकत ठोकत खोलीभर फिरला. भरीव जागी टकटक वाजायचं, पोकळ जागी बद्द. खडूने तो पोकळ जागांभोवती गोल करत गेला आणि बघता बघता अर्धं छत गोलांनी भरलं. "लोखंड फुगलंय," तो म्हणाला. खाडीकाठची खारी हवा आणि वरून झिरपणारं पाणी. सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि आतूनच काँक्रीट फोडून बाहेर येतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या इमारतींत राहिलेल्या कोणालाही हे नवीन नाही. आमच्याकडे लहानपणी जेवताना ताटात चुन्याचा खडा पडला की बाबा वर न बघता तो बोटाने बाजूला करायचे.

टाइल्स, रंग, नवा ओटा ही मंडळी पुढे आली. पैसे खाल्ले ते या छताने. पोकळ काँक्रीट फोडून काढायचं, सळ्या तारेच्या ब्रशने घासून त्यांना गंजरोधक लावायचं, जिथे सळी फारच झिजली असेल तिथे नवी जोडायची आणि मग पॉलिमरचा गिलावा थराथराने चढवायचा. यातलं काहीही पूर्ण झाल्यावर दिसत नाही. घर बघायला येणारा माणूस ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात फिरवतो, छताकडे कोण बघतो! भावाला मी फोडलेल्या छताचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "फॉल्स सीलिंग करून टाकूया का?" तो मुद्दाम म्हणाला नव्हता. पुण्यातून तसंच दिसतं.

कर्जाची गोष्ट त्याहून वेगळी. आम्हाला वाटलं होतं, भाडं येणार आहे तर बँक त्या भाड्यावर कर्ज देईल. बँकेला नोंदवलेला भाडेकरार हवा होता. करार व्हायचा तर भाडेकरू हवा, भाडेकरू यायचा तर घर राहण्याजोगं हवं, आणि घर राहण्याजोगं व्हायचं तर कर्ज हवं. शेवटी कर्ज मिळालं ते आम्हा दोघांच्या पगाराच्या स्लिपांवर, दुरुस्ती कर्ज म्हणून, दहा वर्षांचं. सहमालक दोघे म्हणून कर्जदारही दोघे. शिवाय जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची, म्हणून सोसायटीचं आणि सिडकोचं ना-हरकत पत्र हवं, वाटपपत्रापासूनची कागदांची सगळी साखळी हवी. बाबांनी ती कागदं एका जुन्या साडीच्या खोक्यात, तारखेप्रमाणे, रबर लावून ठेवली होती. रबरं तेवढी वितळून कागदाला चिकटली होती.

बँकेचा व्हॅल्युअर म्हणून एक तरुण मुलगा आला. हातात लेझरचं माप. भिंतीवर लाल ठिपका पाडायचा, आकडा टिपायचा. गॅलरीत त्याने सवयीने समोर लेझर रोखला आणि ठिपका थेट गुलमोहरात जाऊन हरवला. तो हसला. मग म्हणाला, बरं झालं बंद केलेली नाही, नाहीतर मंजूर नकाशाशी जुळत नाही असं रिपोर्टात लिहावं लागलं असतं. बंद केलेल्या गॅलरीला बँक खोली म्हणून किंमत देत नाही. म्हणजे ब्रोकरच्या लेखी जी जागा उघडी म्हणून वाया चालली होती, तीच बँकेच्या लेखी उघडी म्हणून ठीक होती. भावाला हे सांगितलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं, "आधी व्हॅल्युएशन होऊ दे, मग बंद कर. सगळे तेच करतात."

आणि खरंच सगळे तेच करतात. आमच्या इमारतीकडे रस्त्यावरून बघितलं तर उघड्या गॅलऱ्या मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आमची उघडी राहिली त्यात माझा निर्धार किती आणि पैशांची तंगी किती, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. स्लायडिंगवाल्याचं कोटेशन आलं तोवर छताने सगळं गिळलं होतं. बँक बिलं बघून टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन यांना त्या कर्जात जागा नसते. ते सगळं आईच्या पाटल्या गहाण ठेवून घेतलं. सोनारकाम बघणाऱ्या बाईने पाटल्या कसोटीच्या दगडावर घासल्या, वजन केलं, पावती दिली. आईला वॉशिंग मशीन कधीच नको होतं, कपडे फाटतात म्हणायची. तिच्या पाटल्यांवर ते तिच्याच घरात आलं, हे तिला सांगायला हवं होतं. ती आधी पाटल्यांबद्दल बोलली असती आणि मग मशीनला वीज किती, पाणी किती लागतं, ते विचारलं असतं.

सगळ्या कामात मला आवडलेला दिवस कुठला, तर मोरीची पाणीपरीक्षा. जुनी लादी उखडली, पाइप बदलले, खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला. मग मिस्त्रीने जाळीत बोळा घट्ट बसवला आणि मोरी पाण्याने भरून ठेवली, चांगलं वीतभर. कडेने खडूने रेघ मारली, पाणी उतरलं तर कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी आणि तो खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. काकू पंधराएक वर्षं आमच्या मोरीखाली राहत होत्या असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या छतावरचा डाग आईच्या आणि त्यांच्या बोलण्यात भांडणापासून थट्टेपर्यंत सगळ्या वळणांनी येऊन गेला होता. त्या लहानशा मोरीत आम्ही तिघं माना वर करून उभे. मिस्त्रीने स्टुलावर चढून डागाला उलटा तळहात लावला, मग बोटांची पेरं, मग गाल. हो, गाल. हाताला थंड आणि ओलं यातला फरक कळत नाही, गालाला कळतो, असं त्याचं म्हणणं. "कोरडं आहे," तो म्हणाला. काकूंनी त्याला खाली उतरू दिलं नाही, आणखी दोन ठिकाणी गाल लावायला लावला. मग चहा केला.

घर तयार झालं ते 2022 च्या मेमध्ये. जूनपासून कॉलेजं भरतील, मुलं येतील, हप्ता भाड्यातून सुटेल, असा सरळ हिशेब होता. पण आमच्या भागातलं भाडं ज्या मुलांवर चालतं, ती बरीचशी मेडिकल, डेंटल आणि फिजिओथेरपीची. त्या वर्षी मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षाच 17 जुलैला झाली आणि प्रवेशाच्या फेऱ्या ऑक्टोबर उजाडेपर्यंत सुरू झाल्या नाहीत. नव्या रंगाचा वास असलेलं, पंखे पुसून ठेवलेलं घर पावसाळाभर रिकामं उभं राहिलं. घराला सुट्टी असते, हप्त्याला नसते. त्यात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे आमच्या कर्जाचं व्याज वर-खाली होतं आणि जो आम्ही कर्ज घेतलं तेव्हा 4 टक्क्यांवर होता, तो त्याच मेपासून चढायला लागला आणि 2023 च्या फेब्रुवारीत साडेसहावर जाऊन थांबला. बँकेने हप्ता वाढवला नाही. तिने मुदत वाढवली, आणि ती वाढल्याचं आम्हाला कळलं ते स्टेटमेंट नीट वाचल्यावर. ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत हे विचारा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2023 च्या ऑगस्टमध्ये बजावलं. तोवर आमचं दहा वर्षांचं कर्ज चांगलंच लांबलं होतं.

त्या रिकाम्या पावसाळ्यात मी एकदा शिरवण्याला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले. तिचं माहेरही इथलंच आणि सासरही. तिच्या सासऱ्यांच्या शेतांवर आज कुठला सेक्टर आहे ते ती बोट दाखवून सांगते. जमिनी सिडकोला गेल्या. 1984 च्या जानेवारीत उरण भागात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले, त्यानंतर कुठे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना आली. तिचं राहतं घर मात्र गावठाणाच्या कडेचं, 'गरजेपोटी बांधलेलं', म्हणजे परवानगीशिवायचं, बँकेच्या दृष्टीने नसल्यासारखंच. त्यामुळे तिला कर्ज कोणी दिलं नाही. भिशी लागली की एक खोली, सोनं मोडलं की दुसरी, असे तिने एकावर एक मजले चढवले आणि सगळ्या खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या. गच्चीवर तिने मुलांसाठी आडव्या-उभ्या तारा ताणल्यात आणि त्यांवर पांढऱ्या ॲप्रनांची रांग फडफडत होती. खोली महिनाभर रिकामी राहिली तर तिला काही वाटत नाही, कारण पाच तारखेला तिच्या खात्यातून कोणी काही ओढून नेत नाही. पण इमारत पाडायची नोटीस कधीही येईल ही धास्ती तिला रोजची आहे, आणि ती मला नाही. आम्ही दोघी वाटीतले भाजलेले शेंगदाणे खात एकमेकींच्या घरांचा हेवा करत बसलो होतो.

नोव्हेंबरात परभणीहून एक मुलगी आली, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची, वडिलांबरोबर. वडील ओट्याकडे आणि कपाटांकडे बघतही नव्हते. त्यांनी नळ पूर्ण सोडला, पाण्याची धार बघितली, मग मीटरची पेटी उघडून कुठला खटका कशाचा ते विचारून घेतलं. मुलगी गॅलरीत गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "काकू, इथे कपडे वाळत घालता येतील ना? रोज?" डिसेक्शनला जायला लागल्यावर ॲप्रनला प्रेतं टिकवायच्या फॉर्मालिनचा असा वास बसतो, की तो खोलीत टांगून झोपता येत नाही, असं तिला तिच्या सीनिअरने सांगितलं होतं. मी नव्या दोऱ्या त्याच दिवशी बांधल्या.

करार नोंदवायला एजंट घरीच आला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची, असं 1999 चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. तरीही आमच्या आसपास साध्या कागदावर भागवणारे कमी नाहीत. मुलीचा अंगठा लगेच लागला, माझा दुसऱ्यांदा. जामीन म्हणून सही करणाऱ्या वडिलांचा काही केल्या लागेना. शेतात आणि शाळेच्या फळ्यासमोर आयुष्य गेलेल्या त्या बोटावरच्या रेषा यंत्राला दिसतच नव्हत्या. एजंटने ओल्या फडक्याने बोट पुसलं, केसांवरून फिरवायला लावलं, थोडं तेल लावून बघितलं. वडील ओशाळून हसत होते. मग एकेक करत सगळी बोटं लावून बघितली आणि करंगळीशेजारच्या बोटाने काम झालं. ते उठले, डिपॉझिटचा चेक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, पोरगी पहिल्यांदाच बाहेर राहायलीय. वरचं छत पक्कं केलंय ना?"

सहा महिन्यांत छताबद्दल विचारणारा पहिला माणूस.

सोसायटीचं एक वेगळंच महाभारत झालं. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, हे कमिटीला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी मीटिंगमध्ये "बॅचलर नकोत" हा ठराव दरवर्षी कोणी ना कोणी आणतो. मुली चालतील, पण रात्री दहानंतर नको, मुलं नकोच, डॉक्टर होणारी चालतील, इंजिनिअरिंगवाले नकोत. हे बोलणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः परळ-लालबागच्या खोल्यांत दहा-दहा जणांत अंथरूण टाकून नोकरीला लागलेले. त्यांच्याकडे अजूनही गावाहून भाचे-पुतणे येऊन चार महिने राहतात, त्यांना बॅचलर कोणी म्हणत नाही. मी हे मीटिंगमध्ये बोलले नाही. खालच्या काकू बोलल्या. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनीच तक्रार केली, की आमच्या मुलींचे ॲप्रन त्यांच्या कुंड्यांवर ठिबकतात आणि तुळशीला कसला तरी औषधाचा वास येतो.

गॅलरीची बाजू घेऊन मी स्वतःला फार शहाणी समजू लागले होते, तेवढ्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, ही गॅलरी बंद करून मला द्याल का? मी जास्त पैसे देईन. मला एकटीला खोली हवीय." तिची झोप उथळ, खोलीतली दुसरी मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोठ्याने पाठ करणारी. ती काही चूक बोलत नव्हती. इतक्या जवळ राहणाऱ्या अनोळखी मुलींना एखादं बंद होणारं दार किती हवंसं वाटत असेल, हे ब्रोकरच्या तोंडून ऐकताना मला सुचलं नव्हतं. मी नाही म्हटलं. कारण म्हणून मंजूर नकाशा पुढे केला, आणि दुसऱ्या मुलीला हॉलमध्ये अभ्यास करायला एक टेबल आणून दिलं. ती काही खूश झाली नाही. वर्ष संपताच सीवूड्सला दुसऱ्या फ्लॅटवर गेली, तिथे म्हणे तिला गॅलरीचीच खोली मिळाली आहे.

दरम्यान पैशांचं गणित कसंबसं उभं आहे. भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरेल त्यावर आयकरात सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला खरा खर्च किती आला हे कोणी विचारत नाही. ज्या वर्षी गीझर, मिक्सर टॅप आणि पाण्याची मोटर एकापाठोपाठ गेली, त्या वर्षी त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पाटल्या सोडवून आणल्या. रेपो दर 2025 मध्ये उतरायला लागला आणि डिसेंबरात सव्वापाचवर आला. आता बँकेचं पत्र आलंय: हप्ता कमी करायचा, की मुदत?

भाऊ म्हणतो हप्ता कमी करू, त्याच्या मुलाची फी तोंडावर आहे. मी म्हणते मुदत, नाहीतर मी निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहील. फॉर्मवर दोघांच्या सह्या समोरासमोर लागतात. तो मेमध्ये येतो म्हणाला, तेव्हा घर रिकामं असेल, राहायलाही तिथेच राहू, रंगाचंही उरकून घेऊ. रंगाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मेमध्ये गावाला लग्न आहे, एप्रिलमध्ये करून देतो. एप्रिलमध्ये परभणीच्या मुलीची परीक्षा आहे. आधी तिला विचारते, मग भावाला कळवते.